डीएनएवरचे ऑक्सिडीकरणाचे घाव आणि कर्करोग: सिद्धान्त खरा, गोळी खोटी

आरोग्याची सदरे आणि औषधांच्या जाहिराती यांनी एक साखळी वाचकांच्या मनावर चांगलीच ठसवली आहे. प्राणवायूपासून शरीरात ‘फ्री रॅडिकल’ तयार होतात, ते पेशीतल्या डीएनएला इजा करतात, त्या इजेतून कर्करोग होतो. म्हणून अँटिऑक्सिडंट पोटात गेले पाहिजेत. यातल्या पहिल्या तीन कड्यांना बराच भक्कम आधार आहे. चौथी मात्र हजारो माणसांवरच्या चाचण्यांत तुटली, आणि काही ठिकाणी तर उलटी फिरली. पहिले खरे असताना शेवटचे खोटे का ठरावे, हाच या विषयातला खरा शिकवणारा प्रश्न. चाचण्या फसल्या म्हणून ऑक्सिडीकरणाचा सगळा सिद्धान्तच मोडीत काढायला काही जण निघतात. दुसरीकडे, सिद्धान्त खरा आहे तर चाचण्यांतच काहीतरी चुकले असणार, असे म्हणून गोळ्यांचा खप चालूच राहतो. गेल्या चाळीस वर्षांतला पुरावा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर या दोन्ही भूमिका टिकत नाहीत. डीएनएवर ऑक्सिडीकरणाचे घाव रोज पडतात आणि ते कोणालाच चुकत नाहीत. त्यातून कर्करोग उद्भवेल की नाही हे ठरते ते घाव कोणत्या पेशीत पडला, पेशी विभागण्याआधी तो दुरुस्त झाला का, आणि त्या जागी पेशींची वाढ किती घाईने चालली आहे, या तीन गोष्टी जुळण्यावर.

आधी घाव पडतो कसा ते पाहू. पेशीतल्या तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने प्राणवायूपर्यंत पोहोचवतात. त्यातले थोडे वाटेतच निसटतात, प्राणवायूच्या रेणूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होते. त्याची विल्हेवाट लावणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. एका रेणूसाठी शरीर एवढा स्वतंत्र बंदोबस्त ठेवते, तेव्हा तो रेणू काल्पनिक नाही आणि किरकोळही नाही, हे तेव्हाच मान्य झाले. या विकरामुळे सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. ते पेशीभर फिरू शकते, पण एकटे असताना डीएनएच्या फारसे वाटेला जात नाही. जवळपास मोकळे लोह असले की मात्र त्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल निपजतो. या प्रक्रियेचे मूळ हेन्री फेंटन यांनी १८९४ साली नोंदवलेल्या अभिक्रियेत आहे. हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका उतावळा असतो की जन्मल्यापासून काही नॅनोसेकंदांत शेजारी सापडेल त्या रेणूवर तुटून पडतो. त्याचा पल्ला काही नॅनोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे डीएनएला इजा करणारा रॅडिकल डीएनएला जवळजवळ खेटूनच जन्मावा लागतो. रक्तात किंवा पेशीद्रवात तरंगणारा अँटिऑक्सिडंट तिथे वेळेवर पोहोचेल ही अपेक्षा रसायनशास्त्राच्या हिशेबातच बसत नाही. पुढच्या चाचण्यांचे फळ समजून घेताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन सर्वांत सहज ऑक्सिडीकृत होते. हिरोशी कासाई आणि सुसुमु निशिमुरा हे जपानी संशोधक भाजलेल्या-तापवलेल्या अन्नातल्या उत्परिवर्तनकारी द्रव्यांचा माग काढत होते. त्या कामातून १९८४ साली त्यांना ग्वानिनचे एक बदललेले रूप सापडले, ज्याला आज ८-ऑक्सोग्वानिन म्हणतात. हा घाव दिसायला लहान आहे. डीएनएचा धागा तुटत नाही, त्याचा पीळही फारसा बिघडत नाही. पण घात नेमका तिथेच होतो. धड ग्वानिन समोर सायटोसिन मागते. ऑक्सिडीकृत ग्वानिन स्वतःभोवती अर्धी गिरकी घेऊन अॅडेनिनशीही जोडी जमवते, आणि नक्कल करणाऱ्या विकराला ती जोडी खपून जाते. शिबुतानी, ताकेशिता आणि ग्रोलमन यांनी हे १९९१ साली परीक्षानळीत दाखवून दिले. पुढच्या नकलेत त्या अॅडेनिनसमोर थायमिन बसते आणि ‘जी’च्या जागी कायमचा ‘टी’ येतो. हे एक अक्षर किती महागात पडते याचे उदाहरण एपीसी या जनुकात दिसते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींची वाढ आवरून धरणारे हे जनुक. त्यात जीएए अशी तीन अक्षरे ग्लुटामिक आम्ल बसवण्याचा आदेश देतात. त्यातल्या ‘जी’चा ‘टी’ झाला की टीएए उरते, आणि त्याचा अर्थ ‘इथे थांबा’. प्रथिन अर्ध्यातच संपते, पेशीवरचा लगाम सुटतो.

असे घाव किती पडतात, यावर मात्र बराच काळ एकमत नव्हते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांपासून शेकडो पटींनी दूर होते. कारण लाजिरवाणे, पण साधे निघाले. पेशींतून डीएनए वेगळा काढताना आणि त्यावर प्रक्रिया करताना हवेतला प्राणवायू लागून ग्वानिनचे ऑक्सिडीकरण होत होते, म्हणजे मोजणीच मोजायची वस्तू तयार करत होती. १९९७ साली युरोपातल्या प्रयोगशाळांनी ‘एस्कॉड’ नावाचा गट स्थापून एकच नमुने सगळीकडे तपासले, पद्धती घासूनपुसून घेतल्या, तेव्हा आकडे बरेच खाली आले: दहा लाख ग्वानिनांमागे फार तर मोजके काही. प्रमाण अगदी दहा लाखांमागे एक धरले, तरी माणसाच्या एका पेशीत ग्वानिन अडीचशे कोटींच्या आसपास असल्यामुळे कोणत्याही क्षणी दोन-अडीच हजार घाव उघडे असतात. मोजणीच्या या गोंधळावर बोट ठेवून सगळा विषयच संशयास्पद ठरवणारे टीकाकार जुन्या आकड्यांपुरते बरोबर होते. पण खाली आणलेला आकडाही मुळीच लहान नाही. उलट त्यातून नवाच प्रश्न पुढे येतो. प्रत्येक पेशीत एवढे घाव रोज असताना बहुतेक पेशी आयुष्यभर धडधाकट राहतात कशा?

याचे उत्तर दुरुस्तीत आहे. बिघडलेले अक्षर तेवढे कापून काढायचे आणि जागा पुन्हा भरायची, या व्यवस्थेचा पाया तोमास लिंडाल यांच्या १९७०च्या दशकातल्या कामाने घातला. त्यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह मिळाले. ऑक्सिडीकृत ग्वानिनसाठी पेशीने तिहेरी पहारा बसवला आहे. एमटीएच१ हे विकर डीएनएत बसण्याआधीच ऑक्सिडीकृत झालेली सुटी अक्षरे निकामी करते. ओजीजी१ हे धाग्यात बसलेले, पण अजून सायटोसिनसमोर असलेले ८-ऑक्सोग्वानिन कापून टाकते. या दोघांच्या हातून निसटून नक्कल झालीच, तर तिसरा पहारेकरी एमयूटीवायएच पुढे येतो. त्याचे काम विलक्षण आहे. तो घावाला हात लावत नाही. घावासमोर चुकून बसलेले, रासायनिकदृष्ट्या अगदी निर्दोष असे अॅडेनिन ओळखून काढतो. मग तिथे सायटोसिन बसण्याची पुन्हा संधी मिळते आणि ओजीजी१ला आपले काम पुरे करता येते. जीवाणूंमध्येही हीच तीन माणसांची चौकी आहे. एवढ्या दूरच्या जीवांनी ती जपून ठेवली, यावरूनच या घावाचा धोका किती जुना आहे ते कळते.

दुरुस्ती खरोखरच एवढी निर्णायक असेल, तर ती जन्मतः बिघडलेल्या माणसांत कर्करोग दिसायला हवा. हा निसर्गाने केलेला प्रयोग २००२ साली उजेडात आला. कार्डिफमधल्या जेरेमी चीडल आणि ज्युलियन सॅम्पसन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या एका कुटुंबातली तीन भावंडे तपासली. त्यांच्या मोठ्या आतड्यात अनेक गाठी होत्या, कर्करोगही होता; पण अशा घराण्यांत नेहमी सापडणारा एपीसीचा आनुवंशिक दोष त्यांच्यात नव्हता. भावंडांच्या अकरा गाठींतले एपीसी जनुक वाचल्यावर त्यात आयुष्यात नव्याने झालेली अठरा उत्परिवर्तने आढळली, आणि त्यातली पंधरा एकाच जातीची होती: ‘जी’चा ‘टी’. गुन्ह्याची पद्धत पाहून गुन्हेगार ओळखावा तसा शोध उलट दिशेने चालला आणि एमयूटीवायएचपाशी पोहोचला. भावंडांना या जनुकाची आईकडून आलेली प्रतही सदोष होती आणि वडिलांकडून आलेलीही. पुढे हा आजार जगभर सापडला. भारतीय वंशाच्या कुटुंबांत त्याच जनुकाचा स्वतंत्र दोष नोंदवला गेला. अशा माणसांच्या आतड्यातल्या निरोगी दिसणाऱ्या पेशींचाही डीएनए अलीकडे वाचला गेला, तेव्हा गाठ होण्याच्या कितीतरी आधीपासून उत्परिवर्तनांचा वेग वाढलेला आणि त्यांवर तोच ठसा उमटलेला दिसला. घाव आधी आणि गाठ नंतर, हा क्रम याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा माणसात क्वचितच मिळतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की ही अपवादात्मक घराणी आहेत. दुरुस्ती शाबूत असलेल्यांना हा न्याय का लावावा? शिवाय ओजीजी१ काढून टाकलेल्या उंदरांत घाव साचतात, तरी ते फारसे कर्करोगाने मरत नाहीत. पण त्या उंदरांत एमयूटीवायएच कामावर होते. दोन्ही विकरे एकदम काढली, तेव्हा फुप्फुसात, बीजकोशात गाठी झाल्या, लसिका पेशींचे कर्करोग झाले, आणि फुप्फुसातल्या गाठींत के-रास जनुकाच्या बाराव्या जागी ‘जी’चा ‘टी’ सापडला. म्हणजे एकट्या पहारेकऱ्याच्या गैरहजेरीतून सिद्धान्त खोटा ठरत नाही. पहारे एकमेकांची उणीव भरून काढतात एवढेच कळते. दुसरा आक्षेप असा की ‘जी’चा ‘टी’ ही केवळ ऑक्सिडीकरणाची सही नाही. तंबाखूच्या धुरातले बेंझोपायरिन आणि बुरशी लागलेल्या धान्यातले अॅफ्लाटॉक्सिन ग्वानिनला चिकटूनही हाच बदल घडवतात. हा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. म्हणून आता एकटे अक्षर कोणी पाहत नाही, त्याच्या डावी-उजवीकडची अक्षरेही पाहतात. या शेजारावरून संपूर्ण जनुकसंचांत वेगवेगळे ठसे वेगळे काढता येतात. ऑक्सिडीकरणाशी जोडलेला अठरा क्रमांकाचा ठसा, एमयूटीवायएच बिघडल्यावर उमटणारा छत्तिसावा आणि धूम्रपानाचा चौथा हे तिन्ही ओळखू येण्याइतके निराळे आहेत. अठरावा ठसा वारसादोष नसलेल्या कर्करोगांतही सापडतो. मात्र बहुतेक ठिकाणी तो अनेकांतला एक असतो. ऑक्सिडीकरणाचा वाटा खरा आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

वारसादोष नसलेल्यांत हा वाटा कुठे मोठा होतो, याचे उत्तर जुनाट दाहात सापडते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी मुद्दामच सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात. लढाई चार दिवसांत संपली तर नुकसान भरून निघते. ती वर्षानुवर्षे चालली, तर शेजारच्या पेशी रोज मार खातात आणि मेलेल्यांची जागा भरायला उरलेल्या घाईघाईने विभागत राहतात. घाव वाढतात आणि दुरुस्तीला मिळणारा वेळ घटतो, ही जोडी एकत्र येते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, हेपटायटिस बी आणि सी, हेलिकोबॅक्टर पायलोरीने जठरात धरलेले ठाणे या सगळ्यांत कर्करोगाचा धोका वाढतो, तो बऱ्याच अंशी याच मार्गाने. यकृतात लोह साचवणारा हिमोक्रोमॅटोसिस आणि तांबे साचवणारा विल्सनचा आजार ही आणखी नेमकी उदाहरणे, कारण तिथे फेंटनच्या अभिक्रियेला लागणारा धातूच ढिगाने असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन्ही आजारांतल्या, अजून गाठ न झालेल्या यकृतातही पी५३ या राखणदार जनुकाची उत्परिवर्तने वाढलेली आढळली. दाह इतर वाटांनीही कर्करोगाला हात देतो, वाढीचे संदेश सोडतो, रक्तवाहिन्यांना फुटवे आणतो. घाव ही त्यातली एक वाट. पण उत्परिवर्तन कायम करणारी तीच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण तोंडात सापडते. सुपारीतली पॉलिफेनॉल द्रव्ये एरवी शांत असतात. त्यांना चुना लागला की अल्कधर्मी वातावरणात त्यांचे आपोआप ऑक्सिडीकरण सुरू होते आणि त्यातून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. कातातूनही तेच घडते. ऊर्मिला नायर, हेल्मुट बार्च आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे परीक्षानळीत दाखवले आणि विड्याच्या घटकांमुळे डीएनएत ८-ऑक्सोग्वानिन तयार होते हेही सिद्ध केले. पुढे विडा चघळणाऱ्यांच्या तोंडात हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या रासायनिक खुणाही मिळाल्या. आता विदर्भातला खर्रा डोळ्यांसमोर आणा: सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून गालात तासन्‌तास धरलेला. ऑक्सिडीकरण, धातू, घासून सोललेले अस्तर आणि ते भरून काढायला विभागणाऱ्या पेशी, सगळे एकाच जागी हजर. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स इथे जास्त घातक आहेत आणि दोष त्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. तंबाखूचा वाटा निर्विवाद मोठा आहे. पण तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळण्यालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकले, आणि तोंड उघडेनासे करणारा सबम्युकस फायब्रोसिस हा कर्करोगपूर्व आजार मुख्यतः सुपारीचाच आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी, चुना आणि तंबाखू सुटे घेऊन एकत्र करता येतात, आणि रसायनशास्त्राला पुडीवरच्या नावाशी कर्तव्य नसते.

आता चौथ्या कडीकडे वळू. भाजीपाला आणि फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असते. मग तेच गोळीतून का देऊ नये, असा सरळ विचार होता. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाले. अमेरिकेतली ‘कॅरेट’ ही चाचणी धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले अशा १८,३१४ जणांवर चालू होती. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६च्या जानेवारीत ती मुदतीआधी थांबवावी लागली. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवर बारा वर्षे चाललेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनचा फायदा नाही आणि तोटाही नाही. ३५,५३३ पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीचा २०११चा निकाल सांगतो की एकटे ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचे कर्करोग १७ टक्क्यांनी वाढले. याला एक लक्षणीय अपवाद आहे. चीनमधल्या लिन्शियान भागात बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर जठराच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटले. पण तिथल्या लोकांच्या आहारातच या द्रव्यांचा तुटवडा होता. उणीव भरून काढणे वेगळे आणि भरलेल्यात आणखी ओतणे वेगळे, हे भान या दोन प्रकारच्या निकालांतून येते.

गोळी नुसती निरुपयोगी न ठरता घातक का ठरली, याचे उत्तर कर्करोगाच्या पेशीत आहे. वेडीवाकडी वाढणारी पेशी स्वतःच भरमसाट ऑक्सिडंट तयार करते आणि त्यांच्या ओझ्याखाली मरणाच्या काठावर असते. म्हणून अनेक गाठी एनआरएफ२ या नियंत्रकामार्फत स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा वाढवून घेतात. २०१४ साली स्वीडनमधल्या मार्टिन बेर्गो यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि अॅसिटिलसिस्टीन दिले. पेशींतले ऑक्सिडीकरण आणि डीएनएचे घाव दोन्ही कमी झाले, आणि गाठी वेगाने वाढल्या. घाव घटल्यामुळे पी५३ला धोक्याची सूचनाच मिळेना. पुढल्या वर्षी शॉन मॉरिसन यांच्या गटाने दाखवले की रक्तात उतरलेल्या मेलॅनोमाच्या पेशी दूरच्या अवयवात रुजण्याआधी ऑक्सिडीकरणाच्या ताणानेच मोठ्या संख्येने मरतात. रेडिओथेरपीही बऱ्याच अंशी हायड्रॉक्सिल रॅडिकलच्याच जोरावर गाठ मारते. प्राणवायू न पोहोचलेल्या पेशी तिला दोन-तीन पट जुमानत नाहीत. म्हणजे ज्या घावातून कर्करोगाला वाट मिळाली, तोच घाव पुढे त्याची वाट अडवतो. वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या फुप्फुसात बिघडलेल्या पेशी आधीच असणार. त्याला दिलेली गोळी घाव पडून गेल्यावर पोहोचते, आणि तेव्हा ती संरक्षण कोणाला देईल याची निवड तिच्या हाती नसते.

पहिल्या तीन कड्या खऱ्या आणि चौथी खोटी, यात म्हणूनच विसंगती उरत नाही. कारण आणि उपाय यांच्यामध्ये जागा, वेळ आणि दुरुस्ती असते, आणि गोळीला या तिन्हींपैकी कशाचेच भान नसते. धोरण ठरवायचे तर ते घावाच्या उगमाशी ठरवावे लागेल. तंबाखू, सुपारी आणि चुना यांची सांगड तोडणे, नवजात बाळांना हेपटायटिस बीची लस चुकवू न देणे, जठरातला आणि आतड्यातला जुनाट दाह अंगावर न काढणे, आणि एकाच पिढीतल्या भावंडांत आतड्याच्या गाठी आढळल्या तर आईवडील निरोगी आहेत म्हणून आनुवंशिक दोष नाही असे समजून न चालता तपासणी करून घेणे: यातली प्रत्येक गोष्ट ऑक्सिडीकरणाच्या सिद्धान्तातूनच निघते. पालेभाजी आणि फळे खावीत, हा सल्ला यामुळे रद्द होत नाही. त्यांतला एखादा रेणू वेगळा काढून विकत घेतल्याने तो सल्ला पाळला जात नाही, एवढेच. कर्करोगावर उपचार चालू असणाऱ्यांनी तर अँटिऑक्सिडंटची गोळी ‘निरुपद्रवी’ म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. कारण त्या वेळी ऑक्सिडीकरण रुग्णाच्या बाजूने लढत असण्याची शक्यता असते.